जुळले

१

माझ्या नोकरीत बोलायचं काही नाही, फक्त ऐकायचं. सकाळी पावणेसातला मी नभोवाणी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत येतो, खिडकी लावून घेतो, हेडफोन चढवतो आणि मंजूर बातमीपत्राची प्रत समोर ठेवतो. केंद्र सरकारी आहे, तेव्हा प्रत मंजूर असावी लागते. सात वाजता बातम्या सुरू होतात. प्रतीत आहे तेच हवेत जातंय ना, एवढं मी कानात तेल घालून ऐकायचं आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. सव्वासातला बातम्या संपल्या की नोंदवहीत तारीख, वेळ आणि एकच शब्द लिहायचा: जुळले. खाली सही.

सव्वीस वर्षांत मी दुसरा शब्द लिहिला नाही. त्यामुळे केंद्रात सगळे मला ‘जुळलेकाका’ म्हणतात. एकदा एका लग्नपत्रिकेवर ‘श्री. व सौ. जुळले’ असं आलं, तेव्हा बायको आठ दिवस हसत होती.

प्रतीत मधूनमधून एखाद्या ओळीवर लाल रेघ असते. वरून फोन येतो आणि ती ओळ जाते. ‘वर’ म्हणजे नेमकं कोण, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या इमारतीच्या वर तर फक्त पाण्याची टाकी आहे. आमच्यात रीत अशी की रेघेखालचं वाचायचं नाही. ती ओळ आता बातमी राहिलेली नाही, मग ती जुळवणार कशाशी? नजर आपोआप रेघेवरून उडी मारते आणि पुढच्या वाक्यावर जाऊन बसते.

माझ्या खोलीच्या एका भिंतीला मोठी काच आहे. पलीकडे स्टुडिओ आणि स्टुडिओत सातची ताई. ती गेली चोवीस वर्षं सातच्या बातम्या वाचते. माझी लेक लहान असताना सुट्टीत माझ्याबरोबर यायची. हेडफोन एकच, तो माझ्या कानांवर. मग ती काचेला नाक लावून उभी राहायची आणि ताईचे ओठ बघून ती काय म्हणतेय ते ओळखायची. आम्ही त्या खेळाला ‘काच-काच’ म्हणायचो. काचेवर दोनदा टिचकी मारली की खेळ सुरू. पुढे ती इतकी तयार झाली की घरी बायको स्वतःशी पुटपुटली तरी हिला ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळायचं, आणि त्यावरून भांडणं व्हायची.

आता तिला सातवा महिना आहे. नदीपलीकडच्या वसाहतीत राहते. माझ्या खिडकीतून तिच्या इमारतीची गच्ची दिसते, म्हणून मी ती खिडकी बातम्या संपल्या की उघडतो.

२

त्या मंगळवारी नव्या पुलाची बातमी होती. चार वाक्यं, पैकी तिसऱ्यावर लाल रेघ. ताईनं दुसरं वाक्य वाचलं. मग काहीच नाही. मग चौथं वाक्य.

माझ्या हातात स्टॉपवॉच असतंच. सवयीनं बोट दाबलं गेलं होतं. चार सेकंद. ऐकायला एवढंसं वाटतं, पण रेडिओ चार सेकंद गप्प झाला तर लोक त्याला थापट्या मारायला उठतात.

बरं, तो साधा थांबाही नव्हता. ताई थांबते तेव्हा मला तिचा श्वास ऐकू येतो, कागद सरकतो, स्टुडिओतला पंखा बारीक घुमत असतो. या चार सेकंदांत पंखाही नव्हता. कुणीतरी अख्खी खोली उचलून बाजूला ठेवली होती.

बातम्या संपल्यावर मी जिन्यात ताईला गाठलं.

“पुलाच्या बातमीत ठसका लागला का हो?”

“नाही. का?”

“चार सेकंद थांबलात.”

“मी? काही तरीच काय काका! सलग वाचलं मी. कान दाखवून या एकदा.”

बायकोचंही तेच म्हणणं पडलं. “घरी हाक मारलेली ऐकू येत नाही आणि तिकडे न झालेलं ऐकू येतं तुम्हाला.”

म्हणून कान दाखवले. डॉक्टरांनी दोन्हींत उजेड पाडून पाहिलं आणि या वयात असे कान नशीबवानाला मिळतात म्हणाले. गुरुवारी पुन्हा झालं, तीन सेकंद. शनिवारी नऊ. शनिवारी मी रीत मोडली. लाल रेघेखालचं वाक्य मनातल्या मनात, ताईच्या गतीनं वाचलं आणि स्टॉपवॉच दाबलं.

नऊ.

योगायोग असतो, हे मला ठाऊक आहे. मी गुरुवारची प्रत काढली. तीन. मंगळवारची काढली. चार.

३

आमचे वृत्तसंपादक भला माणूस. पोटाचा त्रास, म्हणून टेबलाच्या खणात नेहमी बिस्किटं. मी विषय काढताच त्यांनी पुडा माझ्याकडे सरकवला, म्हणजे गोष्ट लांबणार हे मी ओळखलं.

“काका, ओळ लिहितो मी आणि खोडतोही मीच. हे निळं पेन आणि हे लाल. दोन्ही एकाच खिशात.”

“फोन आल्यावर ना पण?”

“पूर्वी फोन यायचा. मी भांडायचोसुद्धा, खोटं वाटेल तुम्हाला. एकदा तर रिसीव्हर आपटला होता. मग बदलीचं पत्र आलं, बायकोनं रडून रडून ते थांबवलं, मुलांच्या शाळा होत्या.” त्यांनी बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि एकही खाल्ला नाही. “मग मी फोन यायच्या आधीच खोडायला लागलो. कशावर येईल ते कळायला लागलं होतं. आता तीन महिने झाले, फोन वाजलेलाच नाही.”

“म्हणजे आता सगळ्या रेघा तुमच्याच?”

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“पुलाच्या ओळीवर मी रेघ मारल्याचं मला आठवत नाही. टाइप होऊन प्रत आली तेव्हा ती होतीच. मला वाटलं, मारली असेल मीच. सवय, दुसरं काय.”

त्यांचा मला राग आला नाही. मी तरी काय वेगळं केलं होतं सव्वीस वर्षं? त्यांनी निदान रिसीव्हर आपटला होता.

४

बातम्या चालू असताना मी काचेकडे कधी पाहत नाही. नजर कागदावर लागते. सोमवारी पाहिलं.

सरकारी गोदामाची बातमी होती, दुसऱ्या वाक्यावर रेघ. पहिलं वाक्य संपलं आणि हेडफोनमधली खोली नाहीशी झाली. मी मान वर केली.

ताई वाचत होती.

थांबलेली नव्हतीच ती. ओठ नेहमीसारखे नीट, शब्दागणिक हलत होते. वाक्याच्या शेवटी मान किंचित उजवीकडे कलते, तशी कललीही. लेकीइतका मी तयार नाही, तरी ‘धान्य’ कळलं, ‘सडले’ कळलं. तिची नजर मात्र केव्हाच रेघ ओलांडून पुढच्या वाक्यावर गेली होती. ओठ काय करताहेत याचा डोळ्यांना पत्ता नव्हता.

मग आवाज परत आला. पंखा, कागद, ताईचा श्वास. “हवामान कोरडे राहील.”

मी खूण केली. जुळले लिहिलं. सही केली. सही नेहमीसारखीच आली.

काचेला पडदा आहे हे मी विसरूनच गेलो होतो. तो कधी ओढलाच नव्हता. कड्या गंजलेल्या, तरी ओढला. आणि मनाशी ठरवलं की आपण आता काचेकडे बघायचं नाही आणि रेघेखालीही बघायचं नाही. चार वर्षांत निवृत्ती आहे, कानाडोळा करायला माणूस एवढ्या वर्षांत शिकतोच. त्या दिवशी जिन्यात ताई भेटली तर मी बुटाची नाडी बांधत बसलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

५

गुरुवारी नदीची बातमी होती. मंत्र्यांनी जलशुद्धीकरण केंद्राला भेट दिली. कर्मचाऱ्यांचं कौतुक केलं. मग लाल रेघ. मग परिस्थिती समाधानकारक आहे.

रेघेपाशी आवाज गेला. मी मान खाली घालून बसलो आणि तो परत यायची वाट पाहिली. सात सेकंद. नंतर हवामान, नंतर धून. वहीत जुळले लिहिलं, खाली सही, खिडकी उघडली, समोर लेकीची गच्ची. आणि प्रत फाइलला लावताना रेघेखालून एक शब्द डोकावला: वसाहतींतील.

मग सगळंच वाचलं.

‘नदीकाठच्या तिन्ही वसाहतींतील नागरिकांनी नळाचे पाणी उकळूनही पिऊ नये.’

मी धावत संपादकांच्या खोलीत गेलो. ते उभेच होते, तोंडावरचा रंग उडालेला.

“साहेब, ही ओळ खरी आहे?”

“पहाटे जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसानं स्वतः कळवली. मी लिहिली, काका. आणि ही मी खोडलेली नाही. देवाशपथ नाही. ही राहावी म्हणून मी लाल पेन घरी ठेवून आलो होतो.” त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. “जिथे जिथे फोन करता येईल तिथे केला. लोक म्हणतात, साहेब, मधेच आवाज जातो तुमचा.”

“काय सांगत होतात त्यांना?”

त्यांनी सांगितलं. ओठ हलले, गळ्याची घाटी वरखाली झाली, भिंतीवरचं घड्याळ टकटकत राहिलं. आणि ते उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघू लागले, जसं काही मी ऐकलंच होतं.

मी त्यांचाच फोन ओढला आणि लेकीला लावला.

“हॅलो, बाबा! आज लवकर?”

“कशी आहेस?”

“मस्त. तुमचा नातू फुटबॉल खेळतोय.”

“ऐक, नळाचं पाणी पिऊ नकोस.”

“हॅलो?”

“पाणी पिऊ नकोस! उकळूनसुद्धा नको!”

“बाबा? हॅलो? आवाज येत नाहीये.”

“आता येतोय?”

“हो, आता येतोय. काय म्हणत होतात?”

मी आडवळणानं सांगून पाहिलं. नळ म्हटलं, नदी म्हटलं, पोट बिघडेल म्हटलं. सुटे शब्द पोचायचे. त्यांतून अर्थ निघायला लागला की ती “हॅलो, हॅलो” करायची. शेवटी म्हणाली, “तुमच्या ऑफिसचा फोन दुरुस्त करून घ्या हो. मी पाणी भरून घेते, जाईल नाहीतर.” आणि ठेवून दिला.

“जा तुम्ही,” संपादक म्हणाले. “मी बसतो तुमच्या खुर्चीत. जा!”

जाताना मी माझ्या खोलीत शिरलो. नोंदवहीत मघाचा शब्द अजून ओला दिसत होता. काय सुचलं कोण जाणे, मी पेन काढलं आणि त्याच्यापुढे ‘नाही’ लिहिलं. उगाच. लिहून टाकलं आणि निघालो.

६

बसमध्ये शेजारच्या माणसाला सांगितलं. तो भला होता, त्यानं कानाला हात लावून दोनदा विचारलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागला. एका जुन्या पावतीच्या मागे लिहिलं. निळं पेन, माझं स्वतःचं, अक्षर चांगलं वळणदार. तेच वाक्य, नऊ शब्द. घडी घालून मुठीत धरली.

लेकीनं दार उघडलं. जावई कामावर गेलेले. ओट्यावर भरलेला जग, शेजारी पेला.

“अहो, झालंय काय? आई बरी आहे ना?”

मी चिठ्ठी पुढे केली. तिनं उलटसुलट करून पाहिली.

“नुसती लाल रेघ आहे, बाबा.”

खरंच, नुसती रेघ होती. पट्टीनं मारल्यासारखी सरळ. माझ्या घामानं तिचा रंग बोटांना लागला होता.

“बसा आधी. धापा टाकताय नुसत्या.” तिनं पेला भरला, मला द्यायला म्हणून. मी घेतला नाही, तेव्हा माझ्याकडे बघतच तो स्वतःच्या तोंडाला लावू लागली.

मी फटका मारला. पेला भिंतीवर जाऊन आपटला. जन्मात मी या मुलीवर हात उगारला नव्हता. ती एक पाऊल मागे सरली आणि दोन्ही हात पोटावर नेले, माझ्यापासून वाचवावं तसे. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी ओरडत होतो, सारखं तेच वाक्य ओरडत होतो, घसा सोलून निघत होता आणि खोलीत भिंतीवरून पाणी ठिबकल्याचा आवाज तेवढा येत होता.

“बाबा, मला भीती वाटतेय तुमची,” ती म्हणाली.

तिच्या गॅलरीच्या दाराला काच आहे. मी गॅलरीत गेलो, दार लावून घेतलं आणि काचेवर दोनदा टिचकी मारली.

आधी ती नुसतीच पाहत राहिली. डोळे भरलेले. मग हळूहळू पुढे आली आणि नाक काचेला लावलं. तीस वर्षांची बाई, आठ वर्षांची असताना लावायची तसंच. तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरली, ती तिनं बाहीनं पुसली.

मी सावकाश बोललो, शब्द तोडून. न-ळा-चे.

तिचे ओठ माझ्या मागोमाग हलले. नळाचे. पाणी. उकळूनही. शेवटच्या दोन शब्दांपाशी तिचे ओठ थांबले, आणि मग तिनं ते माझ्याआधी पुरे केले.

मी दार उघडलं. ती मान हलवत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्याही तोंडून आवाज येत नव्हता. तिला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं हात गळ्यापाशी नेला.

“किती प्यायलीस?” हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

“सकाळी अर्धा कप चहा. मळमळत होतं म्हणून बाकीचा ओतला. बाबा, अर्धाच कप. काही नाही ना होणार?”

“नाही होणार,” मी म्हणालो. हेही ऐकू आलं, आणि मला त्याचं बरं वाटलं नाही.

७

तिनं जग मोरीत उपडा केला. मग पिंप. मग ओली बाही सावरत शेजारच्या घरात शिरली. मी मागे.

“अगं, काय करतेस? आत्ता भरलंय!” शेजारीण ओरडली. लेकीनं तिचा हंडा कलता केला होता. मग तिच्या दोन्ही खांद्यांना धरून, आपल्या तोंडाकडे बोट दाखवून, सावकाश तेच वाक्य. शेजारणीला वाटलं, हिचा आवाज बसला. दुसऱ्यांदा ती जरा जवळ आली. पाचव्यांदा तिचेही ओठ हलले. ती मटकन खाली बसली, मग उठून आपल्या दोन मुलांकडे धावली.

त्या इमारतीला बेचाळीस घरं आहेत. दुपारपर्यंत आम्ही जिने चढत-उतरत होतो. काहींनी दारं तोंडावर लावली. एकानं मला दारुडा ठरवलं. पण शेजारणीच्या पोरांनी त्याचा खेळ केला आणि पोरांचं लवकर पसरतं. चार वाजता मजल्यामजल्यावरून पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला. हंडे, बादल्या, पिंपं, सगळं मोऱ्यांत रिकामं होत होतं आणि गटारं भरून वाहत होती. तो आवाज मात्र कुणालाही खोडता येत नव्हता.

लेकीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. बाळाचे ठोके ठीक आहेत म्हणाल्या. काय प्यायलात विचारलं, तर लेकीनं त्यांच्या टेबलावरची काचेची पट्टी डोळ्यांसमोर उभी धरली आणि माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. डॉक्टरांना कळायला बराच वेळ लागला.

सहाला बातम्या असतात. संध्याकाळी ताईची पाळी नसते, पण आवाज ताईचाच होता, थकलेला. तिनं कुणाकडून तरी पाळी मागून घेतली असावी. कुणीतरी गॅलरीच्या कठड्यावर रेडिओ आणून ठेवला. सगळे बाहेर आले, आपापल्या दारापुढे उभे राहिले. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्याही भरलेल्या होत्या.

मंत्र्यांनी जलशुद्धीकरण केंद्राला भेट दिली. कर्मचाऱ्यांचे कौतुक केले.

आणि आवाज गेला. रेडिओचाच नव्हे, सगळाच. गटारांचा, मुलांचा, रस्त्याचा.

मी वर पाहिलं. मग खाली, मग समोर. चारी मजल्यांवर सगळे ओठ हलत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे रेडिओवर होते, शांत, ताईचे असायचे तसे. माझी लेक पोटावर हात ठेवून बोलत होती. शेजारीण बोलत होती. मला दारुडा म्हणणारा बोलत होता. माझ्या जिभेवरही शब्द फिरत होते, ते मला जाणवलं.

मग आवाज आला. परिस्थिती समाधानकारक आहे, ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

माझं बोट खिशात स्टॉपवॉचवर होतं. सवयीनं दाबलं गेलं होतं. मी ते बाहेर काढून पाहिलं.

सात सेकंद. जुळले.